पाकिटावर लिहिलेले दिवस

आमच्या खोऱ्यात पहिलं दहिवर पडतं ऑक्टोबरच्या मध्याला.
तिथून मागे मोजत यायचं.
लाल मुळा पंचवीस दिवस. शलगम साठ.
गाजर पंचाहत्तर, म्हणजे उशीरच झालाय, तरी टाकू.
कोल्बी पाकिटं उलटी करून वाचतो,
बोटांवर मोजतो, बोटं संपली की माझी घेतो.

त्याच्या आईला नव्वद.
ते कुठल्या पाकिटावर नाही,
न्यायाधीशबाईंनी सांगितलंय.

माझ्या बहिणीच्या लेकीचा हा लेक,
ऑगस्टात आला, कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत.
केंटकीच्या या डोंगरात तीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
पोरं आरशात बघायची सवय.
समोर, जेवणाच्या टेबलावर बसलेल्या पोराशी
काय बोलायचं ते येत नाही.
म्हणून कुदळ दिली.

टोमॅटोची वाळकी झाडं आधी उपटली.
"सगळं काढायचं?"
"दमलंय ते."
"यावर अजून एक हिरवा आहे."
तो एक खिडकीत ठेवला.

शलगमाचं बी मोहरीएवढं.
चिमटीत धर, अंड्यावर मीठ टाकतोस तसं, म्हटलं,
तर पठ्ठ्यानं गावजेवणाच्या हिशोबानं ओतलं.
मग दोघं गुडघ्यांवर बसून विरळणी करत राहिलो
पुढचे दोन शनिवार.

धणे मी बुटाखाली रगडले.
एकात दोन बिया असतात, सांगितलं.
"मग अर्धेच पेरायचे ना?"
इतकी वर्षं धणे पेरतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
उन्हाळ्यात लावली की कोथिंबीर धीर सोडते, म्हणालो,
आठवड्यात फुलावर येते, हाती काही लागत नाही.
थंडीत नीट राहते.
"आईपण जूनमध्येच बिघडली," तो म्हणाला.
मी नळ सोडायला गेलो.
नळ सुरूच होता.

रविवारी फोन, दहा मिनिटं.
हरणानं केलचे शेंडे खाल्ले, तो सांगतो,
आता आर्व्हिननं माझे घामट मोजे कुंपणाला बांधलेत.
पलीकडून हसू येतं, मग बराच वेळ काही नाही.
"काय म्हणाली?"
"पार्सली आणि कोथिंबीर कशी ओळखायची, विचारत होती."
"मग?"
"चुरगाळून वास घे म्हटलं."

पहिला मुळा सव्विसाव्या दिवशी.
उकललेला, एका बाजूनं किड्यानं चाखलेला.
पँटला पुसून त्यानं तो मातीसकट खाल्ला,
डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाला, तिखट नाही.

दहिवराची बातमी रेडिओवर आली त्या संध्याकाळी
जुन्या चादरी वाफ्यांना पुरेनात.
त्यानं स्वतःच्या पलंगावरची ओढून आणली.
केलला गरज नसते रे, म्हटलं.
"असू दे."
सकाळी चादर पापडासारखी कडक.
पान तोडून चावलं त्यानं, बराच वेळ.
"गोड होतं म्हणाला होतास."
"होतं."
"नाही झालं."
मीही चावून पाहिलं. खरंच, नव्हतं झालं.

शेवटी लसूण.
त्याचं पाकीट नसतं, गेल्या वर्षीचाच गड्डा फोडायचा.
"याला किती दिवस?"
"जुलैपर्यंत."
त्यानं मोजायला घेतलं, स्वतःची बोटं, मग माझी,
मग हात तसाच धरून ठेवला.
"तेव्हा मी इथे नसणार."
"नसशील."
"मग काढणार कोण?"
"मी आहे की."
"एकटाच?"

वारा डोंगरावरून उतरत होता, पाइप आवरायचा राहिला होता.
टोक वर ठेव, मी म्हणालो.
माहितेय, म्हणाला,
आणि ओळ संपेपर्यंत एकेक पाकळी नीट बसवत गेला,
शेवटची मात्र
खिशात टाकली.